अकरा मिनिटं कोणी धरलं

देवासारखा वगैरे काही नाही हो ताई, मेकॅनिकसारखा आलोय. तुमच्या मॅनेजरचा फोन आला, हातातलं काम टाकलं, निघालो, पोचलो – एवढंच. तुम्ही आधी त्या मागच्या कोपऱ्यात खाली बसा बरं. पिशवी ठेवा बाजूला. हां – मघाशी मला इथून तुमची फक्त चप्पल दिसत होती, आता गुडघे दिसतायत, म्हणजे बसलात. मी तिसऱ्या मजल्यावर उभा आहे, तुम्ही तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे. दार वीतभर उघडून ठेवलंय ते हवेसाठी, बाहेर यायला नाही. लोकांना वाटतं, एवढंसं तर अंतर आहे, मारू उडी. पण केबिनच्या खाली मोकळं आहे, तीन मजले खोल, आणि उडी मारणारा माणूस पुढे पडत नाही, मागे जातो. मी बघितलंय. नाही, ते राहू द्या. घाबरवायला नाही सांगितलं, बसून राहावं म्हणून सांगितलं.

आणि लिफ्ट पडेल ही भीती डोक्यातून काढा. वीज गेली आणि आली, त्यात ब्रेक बसलाय. ब्रेक बसलाय म्हणजे ती हलणार नाही. शिवाय पाच दोर आहेत हिला, आणि त्यातला एकटा एक दोर तुम्हाला, मला आणि या मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना धरून ठेवेल. हे आपोआप झालेलं नाही – कोणीतरी टेबलाशी बसून, कागदावर आकडे मांडून, डोकं खाजवत ठरवलंय की एक पुरतो तिथे पाच लावायचे. त्या माणसाचं नाव कोणाला माहीत नसतं. लोक सुखरूप बाहेर आले की छताकडे बघून हात जोडतात. छताला काय आहे? पंखा आहे.

वेळ लागेल, हो. वर गच्चीत मशीनरूम आहे, तिला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर पलीकडच्या विंगमध्ये – तिकडे माझा मेहुणा गेलाय. बायकोचा धाकटा भाऊ. आम्ही दोघं जोडीने काम करतो, सतरा वर्षं झाली. तो वर जाऊन ब्रेक सोडेल, हाताने चाक फिरवेल, मी इथून सांगेन किती, आणि तुम्ही अलगद तिसऱ्यावर याल. काम पाच मिनिटांचं आहे. पण त्याचा एक पाय अधू आहे आणि मजले नऊ. मी का नाही गेलो? माझा खांदा. उजवा. चाक फिरवायला खांदा लागतो... हो, चढायला लागत नाही, ते बरोबर आहे तुमचं. तुम्ही शाळेत शिकवता का? वाटलंच. नाही, मी वर जात नाही आता मशीनरूममध्ये. सवय नाही राहिली म्हणा. तोच म्हणतो, दाजी, तुम्ही खाली थांबा, वरचं मी बघतो.

काय पुटपुटताय? नाही नाही, चालू द्या. माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण तुम्ही अडकलेल्या आहात, अडकलेल्या माणसाशी वाद घालणं बरं दिसत नाही. आमचा मेहुणाही यातलाच. कामावर सगळे त्याला भगत म्हणतात. शाफ्टमध्ये उतरण्याआधी – म्हणजे हा जो लिफ्टचा उभा बोगदा, त्यात उतरण्याआधी – दारात उभा राहणार, डोळे मिटणार, ओठ हलवणार. 'दाजी, एक मिनिट.' रोज तीन-चार इमारतींतून कामाची हाक येते, प्रत्येक हाकेला एक मिनिट, असं सतरा वर्षं – तेवढ्या वेळात मी एक अख्खी लिफ्ट बसवली असती. सुरुवातीला मी चिडायचो. विचारायचो, काय मागतोस रे एवढं? म्हणायचा, मागत नाही दाजी, सांगतो. काय सांगतोस? आत चाललोय म्हणून. अरे मग मला सांग ना, मी समोर उभा आहे, मेन स्विच माझ्या हातात आहे. म्हणायचा, तुम्हाला तर सांगतोच.

यावर काय बोलणार? सांगा. बोलायची सोयच ठेवत नाही तो. भांडणारा भक्त परवडतो, त्याच्याशी दोन हात करता येतात. हा हसतो. मी म्हटलं, देव आहे तर मग दोराला ग्रीस कशाला लावतोस? म्हणाला, देवाने ग्रीस लावू नको असं कुठे सांगितलंय. मी म्हटलं, लहान मुलं आजारी पडतात ती का? तर म्हणे, दाजी, ते मलाही कळत नाही. असं म्हटलं की झालं, तुमची सगळी तयारी वाया. कळत नाही म्हणतो आणि परत डोळे मिटतो. आणि माझी बायको – तिचं तिसरंच. आमची दोघांची जेवताना जुंपली की ती म्हणते, असला तर त्याला तुमच्या दोघांच्या साक्षीची गरज नाही, नसला तर त्याला फरक पडत नाही, ताटं उचला.

मी? मी पहिल्यापासून नाही मानत. पहिल्यापासून म्हणजे दहा वर्षांचा असल्यापासून. आई अंथरुणाला खिळली होती. मी जिन्याखाली बसून रोज बोलायचो वर. चांगलं नीट बोलायचो, मास्तरांशी बोलतात तसं. सहा आठवडे. मग आई गेली, आणि मला कळलं की हा नंबरच कोणाला दिलेला नाही. मग पुन्हा लावला नाही. त्यात राग नाही काही. लोकांना वाटतं, न मानणारा माणूस रागावलेला असतो. नसलेल्यावर कोण रागावणार?

तुम्ही मानता का? ...नक्की माहीत नाही? मग मघाशी काय चाललं होतं? अच्छा, पाढे म्हणत होतात. एकोणतीसचा. बरं बरं. हे चांगलं आहे, मी कशाला उगाच – असो.

पाय ना, त्याचा? दोन वर्षं झाली. अशीच दुपार होती, अशीच एक जुनी इमारत, सात मजली. तो केबिनच्या टपावर उभा होता, सहाव्या मजल्याजवळ. टपावर उभं राहूनच बाजूचे रूळ तपासावे लागतात. मी वर मशीनरूममध्ये. नियम असा की वरच्या माणसाने मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं, किल्ली खिशात, आणि ओरडून सांगायचं 'बंद'. ते ऐकल्याशिवाय खालचा माणूस हात आत घालत नाही. तर तो वाकला होता, एक पाय टपाच्या कडेवर, एका हाताने भिंतीतली लोखंडी पट्टी धरलेली, आणि कमरेच्या दोराचा हूक एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावायचा म्हणून नेमका काढलेला – आणि तळमजल्यावर कोणीतरी बटण दाबलं. केबिन निघाली खाली. निघाली म्हणजे, स्विच चालू झाला होता. कोणी केला? तिथला वॉचमन. म्हणजे, असं ठरलं. येईल ते.

केबिन त्याच्या पायाखालून गेली. जाताना नडगीचं हाड मोडून गेली. तो त्या पट्टीला लोंबकळत. मी त्याची किंकाळी ऐकली आणि सहाव्यावर कसा आलो मला आठवत नाही. दार किल्लीने उघडलं, पालथा पडलो, आणि त्याचं मनगट धरलं. या हाताने. घड्याळाचा पट्टा माझ्या तळव्यात रुतला होता, त्याचा वण अजून आहे. खाली सहा मजले काळोख. ओरडलो, लोक धावले, पण माणसं जमायला, दोर आणायला, त्याच्या काखेखालून घालायला – अकरा मिनिटं. मला नंतर कोणीतरी सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर मी तास म्हटलं असतं. चौथ्या मिनिटाला की कितव्या, खांद्यातून कट्ट असा आवाज आला. कोणाच्या? माझ्या. देवाचा खांदा नाही निखळला. माझा निखळला.

आणि ऐका आता. त्या अकरा मिनिटांत त्याने देवाचं नाव एकदाही घेतलं नाही. एकदाही. 'दाजी, सोडू नका. दाजी, सोडू नका.' हेच. मलाच हाक मारत होता. रोज मिनिटभर डोळे मिटणारा माणूस, खरी वेळ आली तेव्हा मला. मला वाटलं – आता सांगायला हरकत नाही – त्या दुखण्यातही मला वाटलं, बघ, आता कळलं ना तुला. आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये, पाय टांगलेला, तोंड पांढरंफटक, माझी बायको उशाशी, मी समोर खुर्चीत हात गळ्यात बांधून – डोळे उघडतो आणि पहिलं वाक्य काय म्हणतो? 'ताई, देवाने वाचवलं.'

मी तिथे बसलोय हो. फुटावर. हात गळ्यात.

आजारी माणूस. म्हटलं, औषधाची गुंगी आहे. पण गुंगी उतरली तरी तेच. भेटायला येईल त्याला तेच. डॉक्टरीणबाईंना तेच – तिनेही साडेचार तास उभं राहून हाड जोडलं होतं, ती आपली हसली आणि गेली. मी एकदा विचारलंच. म्हटलं, भगत, त्याने वाचवलं तर मी काय करत होतो? तर म्हणतो, 'तुमच्या हातून वाचवलं ना, दाजी.' म्हणजे मी हातमोजा. हात त्याचा, मी वरून घातलेला मोजा. दोन वर्षं झाली, अजून मला पावसाळी हवेत शर्ट एकट्याने घालता येत नाही. मोज्याला दुखतं, ताई.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनावर घ्यायचं, दोन शब्द आभाराचे तर राहिले. तेच तर. आभार नकोच आहेत मला. नकोत म्हणजे – हवे होते. एकदा मिळाले, आणि मिळाले तेव्हा –

त्या वॉचमनकडून मिळाले. म्हातारा माणूस. बावीस वर्षं त्या इमारतीच्या दारात. त्याची नोकरी गेली. पाण्याच्या पंपाचा स्विच त्याच मशीनरूममध्ये, आमच्या मेन स्विचच्या शेजारी, आणि तो त्या दुपारी पंप लावायला वर गेला होता. तपासणीला अधिकारी आले तेव्हा त्यांनी हिशेब जुळवला, म्हाताऱ्याने पंपाच्या ऐवजी हा दाबला असणार. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी नाही. परत विचारलं, तेव्हा म्हणाला, आठवत नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, असेल, डोळे कमी झालेत माझे. आता मुलीकडे असतो, तिच्या बाल्कनीत बसून. आणि आमचा भगत काय करतो? दर रविवारी जातो त्याच्याकडे. तो पाय घेऊन, दोन बस बदलून. पेपर वाचून दाखवतो. म्हातारा रडतो, हा म्हणतो, काका, मनाला लावून घेऊ नका, देवाने ठेवलं ना मला. माफ केलंय त्याला. केव्हाच. मनापासून. दोघं मिळून डोळे मिटतात म्हणे.

मलाही न्यायचा धोशा लावला होता. 'दाजी, एकदा चला, बरं वाटेल त्यांना.' टाळलं, टाळलं, शेवटी गेलो. म्हाताऱ्याने माझा हा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, 'तुम्ही धरलंत म्हणून. नाहीतर माझ्या माथी एक जीव लागला असता.' देवाचं नाव नाही. तुम्ही धरलंत, म्हणाला. सगळ्या जगात त्या एका माणसाने माझे आभार मानले. मी चहा न घेता निघालो. मेहुणा वाटभर विचारत होता, काय झालं, दाजी, काय झालं. खांदा दुखतोय म्हटलं.

काय? स्विच चालू कोणी केला हे नक्की कसं कळलं?

शाळेतल्या बाईंपुढे बोलू नये माणसाने.

कोणी चालू केला नव्हता. झालं? चालूच होता. तो खालून ओरडला, 'दाजी, बंद?' आणि मी स्विचकडे हात नेला, खरंच नेला, आणि फोन वाजला. बायकोचा. बाथरूमचा दिवा गेलाय, येताना आणा, पांढरा नको, पिवळा. मी फोन कानाला लावला आणि ओरडलो, 'बंद.' आधी ओरडलो. म्हटलं, आता करतोच आहे. आणि मग पिवळा कुठे मिळतो, कुठल्या दुकानात मिळतो, हे चाललं होतं. कुलूप माझ्या डाव्या हातात होतं, ताई. हातात होतं.

खोटं म्हणाल तर मी दोनच वाक्यं बोललो. त्या अधिकाऱ्यांनी विचारलं, स्विच बंद केला होता का? म्हटलं, केला होता, फोनवर बोलायला बाहेर गच्चीत गेलो तेव्हा कुलूप राहिलं असेल. त्यांनी विचारलं, वर आणखी कोण येतं? म्हटलं, वॉचमनकडे किल्ली असते. दुसरं तर खरंच आहे, असते त्याच्याकडे किल्ली. बाकीचं त्यांनी लिहिलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला ताकीद देतील आणि सोडतील. आणि मग तो रविवार, मग पुढचा रविवार, आणि दर आठवड्याला ते सांगणं जास्त जड होत गेलं. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर चूक होती. आता काय आहे? आता ज्याने केलं नाही तो माफी मागतोय, ज्याचा पाय गेला तो माफ करतोय, दोघांच्या मधे त्यांचा देव बसलाय, आणि मला त्या खोलीत बसायला जागाच नाही.

आणि आता हे कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुमचा चेहराही मला नीट दिसत नाही म्हणून असेल. त्या अकरा मिनिटांत देवाचं नाव त्याने नाही घेतलं. मी घेतलं. खांदा सुटला तेव्हा. मोठ्याने नाही. म्हटलं, असशील तर धर. हा वाचला तर मी सगळं सांगून टाकीन, लगेच, सगळ्यांसमोर. असा शब्द दिला. आणि तो वाचला.

मग मी बसून विचार केला. नीट, डोकं ठिकाणावर ठेवून. शब्द कोणाला दिला? देवाला. देव आहे का? नाही. मग जो नाहीच त्याला दिलेला शब्द मोडतो कसा? बरोबर आहे ना? तुम्ही गणित शिकवता ना, यात चूक दाखवा. मी दोन वर्षं शोधतोय. रोज सकाळी उठून मला तो नाहीये हे नव्याने पक्कं करावं लागतं. आधी असं करावं लागत नव्हतं. आधी तो नुसता नव्हता, घरात हत्ती नसतो तसा. आता मेहुण्याने डोळे मिटले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, कारण तो तिथे उभा राहून त्याला सांगतोय, आत चाललोय, दाजी वर आहेत, काळजी नाही – आणि समजा, फक्त समजा, तिकडे कोणी ऐकणारा असला, तर त्याला सगळं माहीत आहे. त्याला माहीत आहे आणि तो माझ्या मेहुण्याला सांगत नाही. मग आम्ही दोघं सामील झालो की नाही यात? मी आणि तो?

बोला ना. इतका वेळ तुम्ही काहीच –

काय? वर? काय ऐकू आलं वर?

दार करकरलं? केव्हा? ...मघाशी म्हणजे केव्हा? मी दिव्याचं सांगत होतो तेव्हा? त्याआधी? वॉचमनच्या वेळी. मग सांगितलं का नाहीत तुम्ही? ...मी बोलूच दिलं नाही. हो. खरं आहे. पण तो तर पलीकडच्या विंगमध्ये – मागच्या जिन्याने गेला असणार. हा शाफ्ट म्हणजे नळी आहे, इथली कुजबुज वर जाते, दोरांची भोकं सरळ मशीनरूमच्या जमिनीत आहेत, हे मला माहीत नाही का? सतरा वर्षं आम्ही अशाच नळीतून बोलतोय.

भगत?

भगत, आहेस का वर?

...

हो, कळतंय मला, हलतेय. बसून राहा. ब्रेक सोडलाय त्याने. तुम्ही काही करू नका, मी सांगतो त्याला. ये. ये खाली. अजून वीतभर. हळू. हां. अजून चार बोटं. दोन. बस.

बघा, लेव्हलला आणून ठेवली. मला शेवटचं सांगावंही लागलं नाही. थांबा, दार पूर्ण उघडतो. आता या. पिशवी घ्या. पाय मुरगळला नाही ना? नको, पाणी नको मला. आभार-बिभार काही नको हो.

चौथ्यावर राहता ना? मग या जिन्याने वर जा, एकच मजला आहे. आज लिफ्ट बंदच ठेवणार. ऐका – तो खाली येतोय. एक पाऊल, मग ओढलेलं पाऊल. नववा, आता आठवा असेल. येता येता तुम्हाला भेटेल तो. त्याला म्हणा – नाही, काही म्हणू नका. मी म्हणेन. तो म्हणेल. काय ते.

जा ना, ताई. उभ्या राहू नका इथे. जा.